पाण्याच्या गाडीचा जॅक

आमच्या शेजारी एक कंत्राटदार राहतात. यंदा त्यांनी फोर-व्हील ड्राइव्हची भलीमोठी गाडी घेतली. पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, "काका, गाडीबरोबर आलेला जॅक अगदीच खेळण्यातला वाटतोय. चांगला कुठला घेऊ?" मी विचारलं, गाडी कुठं कुठं नेणार? रानात घालणार का? मागं काय भरणार? टायर बसल्यावर खाली कोण वाकणार, तुम्ही की ड्रायव्हर? एवढे प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा बदलला. घरी जाऊन बायकोला म्हणाले म्हणे, काकांचं एखाद्या दुकानदाराशी साटंलोटं दिसतंय. हे त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं आणि माझ्या बायकोनं मला. मला राग आला नाही. जॅक घेताना माणसानं संशयी असावं आणि सुरुवात सल्ला देणाऱ्यापासूनच करावी, हे माझं जुनं मत आहे.

मी मिस्त्री. उभी हयात गाड्यांच्या पोटाखाली काढली. आम्ही मूळचे भूम तालुक्यातल्या ईटचे. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिला. पहिल्या पगाराच्या दिवशी वडील शाबास म्हणाले नाहीत. म्हणाले, "कामावर कोण कसं बघतंय तिकडं ध्यान ठिव." ते ध्यान मी इतकं ठेवलं की पुढं बायको मला घरातसुद्धा हवालदार म्हणायला लागली. पण हा स्वभाव धंद्याला बरा. गाडीखाली जाणाऱ्या भोळ्या माणसाचं काही खरं नसतं.

कंत्राटदारांना ऐकायचं नव्हतं ते इथं सांगून टाकतो. जड गाडीचा जॅक घेताना लोक त्यावर किती टन लिहिलंय तेवढंच बघतात. गाडीचं कागदावरचं वजन असतं मोकळ्या गाडीचं. त्यात माणसं, पोती, पाणी काही धरलेलं नसतं. दुसरं असं, की फोर-व्हील गाडी उंच असते. चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, जॅक लावून उचलायला गेलं तर आधी स्प्रिंगचे पाटे ताणले जातात, गाडी वर येते आणि चाक मात्र जमिनीवर आरामात बसून राहतं. म्हणून जॅकची चाल लांब पाहिजे, म्हणजे तो भरपूर वर चढला पाहिजे, नाहीतर तो ॲक्सलखाली लावावा. ॲक्सलखाली लावायचा तर टायर बसल्यावर तिथं जागा किती उरते ते बघावं, कारण उंच जॅक मग आत जातच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जॅकचा तळ. आमच्याकडच्या काळ्या रानात वाटीएवढ्या तळाचा जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. जॅक गाडी बघून घ्यायचा असं सगळे समजतात. मी जमीन बघून घ्यायचो.

आता आट्यांचा की तेलाचा, हा वाद. आट्यांचा स्क्रू जॅक फिरवता फिरवता दंड भरून येतात, पण आपण फिरवल्याशिवाय तो खाली येत नाही. तेलाचा जॅक, म्हणजे हायड्रॉलिक, दांडी हलवली की पोरगंसुद्धा ट्रक उचलेल. पण तो सगळा एका चामडी वॉशरच्या आणि तेल अडवणाऱ्या एका लोखंडी गोळीच्या भरवशावर उभा असतो. दिसायला एकदम साळसूद. म्हणूनच मला तो कधी आवडला नाही.

जॅकपेक्षा संशयी असं एक गिऱ्हाईकही मला भेटलंय. तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखानदाराची जीप त्याच्याच दारूच्या खोलीशेजारी बसली होती. मी आणि ड्रायव्हर गफूरभाई गेलो, तर मालकानं आधी आमचे खिसे तपासले. बिड्या, काडेपेट्या जप्त. मग पाने मोजून घेतले. मी जॅक काढला तर म्हणाला, "लोखंडावर लोखंड घासायचं न्हाय. ठिणगी उडाली तर तुमच्यासंगं मी बी वर जाईन." शेवटी बाभळीचं लांब लाकूड जीपखाली घातलं आणि दुसऱ्या टोकावर चार गडी बसवून जीप उचलली. मी चाक बदलत होतो तोवर तो मालक डोळ्यांत तेल घालून माझ्या खिशाकडं बघत होता. निघताना काडेपेट्या परत दिल्या आणि वर विचारलं, "हाईत न्हवं सगळ्या काड्या?" त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

आता खरी गोष्ट. बाहत्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ. मी तेव्हा एका सहकारी संघाच्या गाड्यांवर मिस्त्री होतो. संघानं लष्कराच्या लिलावातून एक जुनी, चारही चाकं ओढणारी अवजड गाडी आणली होती. तिच्यावर पाण्याची टाकी बसवली. साधे टँकर ज्या वस्त्यांवर चढत नव्हते तिथं ही एकटी जायची. तिचा आवाज आला की बाया हंडे घेऊन पळत सुटायच्या. लेकरं तिला रेडा म्हणायची. रेडा एक दिवस बसला की तेवढ्या वस्त्या कोरड्या राहायच्या.

आणि नेमका तोच बसला. मागच्या ॲक्सलच्या पोटातल्या चक्राचे दात तुटले. चक्र सोलापूरहून यायचं होतं. मागची दोन्ही चाकं काढून, अख्खा ॲक्सल खोलून, गाडीचा मागचा भाग दिवसच्या दिवस उचलून ठेवणं भाग होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, स्क्रू जॅक आणा, रुंद तळाचे, दोन. सेक्रेटरी सोलापूरहून चक्राची ऑर्डर देऊन आले ते एक चकचकीत लाल हायड्रॉलिक जॅक घेऊन. म्हणाले, "मिस्त्री, जमाना बदललाय." जॅकवरचा टनाचा आकडा मोकळ्या गाडीच्या कागदी वजनाशी बरोब्बर जुळत होता. टाकी त्यात कुणी धरलीच नव्हती. मी बूच उघडून पाहिलं तर नव्या जॅकमध्ये तेल कमी. स्टोअरमधून डबा आणून मीच भरलं आणि मनात म्हटलं, हा दुकानात गळलेला आहे.

असल्या वेळी मी बाभळीच्या ओंडक्यांचा आधार देतो. माझे ओंडके मी जपून ठेवलेले होते. बघतो तर दुष्काळी कामावर वाटायची सुकडी शिजवणाऱ्या बायांनी कढईखाली जाळून मोकळे केलेले. दुष्काळात ओंडक्यासाठी कुणाशी भांडणार? मग खडीच्या कामावरचे दोन मोठे दगड आणून चासीखाली चार बोटं मोकळी ठेवून दोन्हीकडं उभे केले. दगडावर माझा विश्वास नव्हता. ओझ्याखाली लाकूड आधी करकरतं, माणसाला सावध करतं. दगड न बोलता फुटतो. पण इलाज नव्हता.

संघाच्या आवारात पत्र्याच्या खोलीत राखणदार राहायचा, बिरूमामा. धनगर माणूस. मेंढरं दुष्काळानं नेली, म्हणून म्हातारपणी हातात काठी घेऊन फाटकावर बसला होता. बरोबर मामी आणि दोन नातवंडं. बिरूमामावर माझा डोळा होता, त्याला कारणं होती. माझ्या जागेवर त्यांच्या भाच्याला लावायची खटपट झाली होती. ती फसली. दुसरं म्हणजे, भर उन्हात मी माझ्या माठातलं पाणी पुढं केलं तरी ते म्हणायचे, "आत्ताच प्यालो." सारा जिल्हा तहानलेला असताना ह्या एका माणसाला कधी तहान लागत नव्हती. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जॅकच्या दट्ट्यावर मी रोज संध्याकाळी खडूनं रेघ मारायचो. सकाळी बघावं तर दट्ट्या रेघेच्या खाली सरकलेला. बोटभर कधी, कधी अर्धा बोट. मी दांडी हलवून परत वर घ्यायचो. पहिल्यांदा वाटलं, जॅकच गळतोय, खाली तेलाचे ठिपकेही होते. पण माझं मन तिथं थांबेना. संध्याकाळनंतर आवारात माणूस कोण? एकच. जॅकचा तेल सोडायचा स्क्रू कणभर सैल करायला चिमटीएवढा जोर पुरतो. मिस्त्री गाडीखाली जाऊन चेंगरला तर जागा कुणाची होणार?

मी सापळा लावला. पोत्याचा एक धागा त्या स्क्रूला आणि दांडीला असा बांधला की स्क्रू हलला तर तुटावा. सकाळी धागा शाबूत, दट्ट्या मात्र खाली. म्हटलं, म्हातारा हुशार आहे, पुन्हा बांधत असेल. मग स्क्रूला काजळी फासली आणि सकाळी बिडी देण्याच्या निमित्तानं मामांचे हात बघितले. काजळी नव्हती. पण बोटं तुकतुकीत होती. त्या दिवसांत सगळ्यांच्या हातांना भेगा पडलेल्या, आणि ह्यांची बोटं तेलानं चमकत होती. मी गफूरभाईंना म्हटलं, म्हातारा जॅकचं तेल चोरतोय.

गफूरभाई पानाची पिंक टाकून म्हणाले, "मिस्तरी, जॅकचं तेल चोरून काय भजी तळंल का त्यो? तुमचं डोकं लई चालतंय. जरा थांबवा त्याला."

चक्र आलं त्या दिवशी दुपारी मी आणि गफूरभाई ॲक्सल जोडायला बसलो. मी खाली, ते बाहेरून पाने देत होते. बिरूमामा फाटक सोडून जवळ येऊन उकिडवे बसले होते. मी मनात म्हटलं, बघायला आलाय. हात वर करून नट आवळत होतो तेवढ्यात माझ्या छातीवरचा उजेड कमी झाल्यासारखा वाटला. मी आधी समजलो नाही. बिरूमामाच ओरडले, "मिस्तरी, भाईर या. बसाय लागली." गफूरभाईंनी माझे दोन्ही पाय धरले आणि फरफटत ओढलं. माझं डोकं बाहेर आलं आणि डावीकडचा दगड फुटला. टाकी कण्हल्यासारखी वाजली, गाडी डावीकडं कलली आणि उजव्या दगडावर अडकून राहिली. माझी पाठ सोलून निघाली होती. मी धुळीतच बसलो.

गफूरभाईंनी ढोकीच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून स्क्रू जॅक आणि दोन ओंडके आणले. गाडी त्यावर घेतली आणि तो लाल जॅक बाहेर काढला. मला त्याचं पोट बघायचं होतं. बूच काढून मी दट्ट्या हातानं खाली दाबला, तर बुचातून तेल भळाभळा उतू आलं. मी बघतच राहिलो. गळणाऱ्या जॅकमधलं तेल कमी व्हायला पाहिजे. हे वाढलं कसं? बोट लावून नाकाशी नेलं तर फोडणीचा वास. करडईचं तेल. खोलून बघितलं तर गोळीच्या बसायच्या जागी तपकिरी चिकटा धरलेला आणि त्यात धूळ. गोळी नीट बसत नव्हती, म्हणून जॅक सरकत होता.

आता हा मिस्त्री चक्रावला. गोडं तेल काढून मशीनचं तेल भरणारे चोर मला माहीत होते. पण गोड्या तेलासाठी बाया दिवसभर रांगेत उभ्या राहत असताना ते जॅकमध्ये ओतणारा चोर कुठला?

तेवढ्यात मामी तरातरा आल्या. बहुतेक वासावरच आल्या असाव्यात. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग गफूरभाईंच्या. म्हणाल्या, "म्या लई दिस गप बसले. घरात बाटली हाय म्हनून बघावं तर रोज खाली जातीया. लेकरं कोरड्या भाकरी चावत्यात. माझ्या घरातलं त्याल ह्या कारखान्यात कुनी आनलं ते सांगा, न्हायतर म्या सेक्रेटरीच्या दारात बसते."

गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बिरूमामांकडं. मामा काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत होते.

"म्याच घातलं," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. मी पहिल्या दिवशी बुचातून तेल भरताना त्यांनी पाहिलं होतं. पुढं रोज खाली ठिपके दिसायला लागले. "म्हनलं, हितलं त्याल सपलं तर गाडी बसंल. खाली तर तुमी असताय. इष्टोरला कुलूप. मग रोज वाईच वाईच घालत गेलो. बैलगाडीच्या आखाला घालतो तसं."

मी विचारलं, "मामा, मला सांगायचं की. मीच खाली जात होतो ना?"

त्यांनी वर बघितलं. "तुमास्नी कसं सांगावं? तुमी बिडी देताना बी माझ्या हाताकडं बघताय. सांगितलं असतं तर म्हनला असता, म्हाताऱ्यानं काय कालवलं ह्यात."

मी तसंच म्हटलं असतं. शंभर टक्के म्हटलं असतं. मला इतकी लाज वाटली की पाठीची आगसुद्धा विसरलो. आणि खरं सांगायचं तर रागही आला. ज्या माणसानं मला मारायचा घाट घातलाय असं मी समजत होतो, तो आपल्या नातवंडांच्या तोंडचं तेल माझ्यासाठी ओतत होता आणि त्याच तेलापायी मी मरता मरता वाचलो होतो. असल्या माणसाचं काय करायचं ते मला कळेना.

तरी धंद्याची गोष्ट सांगणं भाग होतं. "मामा, जॅकला गोडं तेल चालत नाही. करडईच्या तेलाचा चिकटा धरतो."

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे गाडी माझ्यामुळं बसली?"

मामी कमरेवरचे हात काढून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हटलं, "जॅक मुळातच गळका होता मामा. तुम्ही तेल घातलं नसतं तर आधीच कधीतरी बसला असता. आज ओरडलातही तुम्हीच." यातलं किती खरं आणि किती त्यांच्या तोंडाकडं बघून बोललेलं, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी रोज त्यांच्याकडं बघायचो. त्यांचाही माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

मामी नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मला तरी सांगायचं. म्या काय न्हाय म्हनले असते?" आणि पत्र्याच्या खोलीकडं निघून गेल्या.

रेडा पुन्हा चालू झाला, वस्त्यांवर पाणी जायला लागलं. सेक्रेटरींनी स्वतः जाऊन स्क्रू जॅक आणले, रुंद तळाचे. लाल जॅक कपाटावर गेला. त्यानंतर मी गाडीखाली शिरलो की बिरूमामा फाटक सोडून यायचे, जॅकजवळ उकिडवे बसायचे आणि स्क्रू जॅक आपोआप खाली येत नाही हे मी लाख वेळा सांगूनही त्याच्यावरची नजर काढायचे नाहीत. संघ सोडेपर्यंत मी त्यांच्याइतका चांगला मदतनीस पाहिला नाही. बाहेर असा माणूस बसलेला असेल तर कुठलाही जॅक चालतो, हे मात्र मी कंत्राटदारांना सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा संशय घेतला असता. त्यांना रुंद तळाचा, गाडीच्या भरल्या वजनाच्या दुप्पट पेलणारा स्क्रू जॅक घ्यायला लावला आणि दुकान तुमचं तुम्हीच निवडा म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. गाडी बसली त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी घरातली तेलाची बाटली मामींकडं घेऊन गेलो. रांगेत उभं राहून ते तेल माझ्या बायकोनं मिळवलेलं. बाटली हातात देताना तिनं एकच विचारलं, "घेत्याल का ते आपल्या घरचं?" वाटभर मलाही तीच शंका होती. आत्ताच भरलीय बाटली, असं काहीतरी मामी म्हणतील आणि आपण परत यायचं, अशी मनाची तयारी करूनच मी पत्र्याच्या दारात उभा राहिलो.

मामींनी बाटली घेतली. उजेडाकडं धरून बघितली. बूच काढून दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले. मामा दारातच बसलेले, तेही बघत होते. मामींनी पुन्हा एकदा वास घेतला आणि माझ्याकडं बारीक डोळे करून म्हणाल्या, "मिस्तरी, खरं सांगा. जॅकातलं न्हाय न्हवं हे?"

"नाही मामी," मी म्हटलं. "आमच्या घरचं आहे."

"मग बसा की," मामी म्हणाल्या आणि त्यांनी कढई चुलीवर ठेवली.